सकाळी आठ ते दुपारी चार

मी गादी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं काम नाही. माझ्यावर पडलेली माणसंच झोपेत बोलतात आणि मी ऐकून घेते. पण एका मुलीचं ऐकून ऐकून माझाच जीव जड झालाय, म्हणून आज तोंड उघडते.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंगा भरल्या आणि वरून फुलाफुलांचं कापड ताणून शिवलं. एका वयस्कर जोडप्याकडे मी अकरा वर्षं सुखात काढली. आजोबा गेले, आजींना एवढी मोठी गादी नकोशी झाली आणि एका घरमालकानं मला स्वस्तात उचललं. दोन खोल्यांत सात विद्यार्थिनी ठेवणारा माणूस तो! पलंग-बिलंग काही नाही. मला खिडकीखाली फरशीवर टाकलं, मधे एक पडदा ओढला, झाली खोली.

तिथे ती आली. परदेशातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आलेली, दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. जेवायचीसुद्धा उभ्यानं, म्हणून सगळ्या तिला घाई म्हणू लागल्या. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, यातली माझी बाजू कुठली?

वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी एक थोरली मुलगी होती, तिला सगळ्या ताई म्हणत. ती म्हणाली, "इथे बाजू नाही मिळत, वेळ मिळते. तुझी रात्री दहा ते सकाळी सात. मग मी येते."

अशी दोघींची मी एक. एक उठायची, तिच्या उबेत दुसरी पडायची. आठवडाभरात दोघी चार वाक्यं बोलल्या असतील-नसतील.

वडिलांनी निवृत्तीसाठी साठवलेला सगळा पैसा फीमध्ये घातला होता. राहण्याखाण्याचं मी बघेन, असं घाईनंच छाती पुढे काढून सांगितलं होतं. संध्याकाळी ती हॉटेलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची. तीन महिने कसंबसं भागलं. मग भाडं वाढलं. तिनं बस सोडली, दुपारचं जेवण सोडलं. माझ्यावर कूस बदलायची, तेव्हा तिची हाडं मला टोचू लागली.

विद्यापीठात मदतकक्ष होता, तिथेही जाऊन आली. तिथल्या बाईंनी सगळं मनापासून ऐकलं, बिस्किटं दिली आणि एक पत्रक दिलं. घरी स्वयंपाक करा, जुनी पुस्तकं घ्या, चालत जा. परदेशी विद्यार्थ्यांना मदतनिधी मात्र लागू नव्हता. माझ्यावर बसून तिनं ते पत्रक दोनदा वाचलं. एकही गोष्ट अशी नव्हती, जी ती आधीपासून करत नव्हती.

त्याच सुमारास ताईला दिवसपाळी मिळाली. धुलाईघरात रात्री जास्त पगार होता आणि माझी दिवसाची वेळ स्वस्त होती. घाईनं अदलाबदल मागितली. ताई म्हणाली, अगं, तुझे तास दिवसा असतात. "जमवीन मी," घाई म्हणाली. सकाळी आठ ते दुपारी चार, ही आता तिची वेळ झाली.

प्रात्यक्षिकं अकराला असायची. सुरुवातीला ती तीन गजर लावायची. पुढेपुढे गजर वाजायचा, तिचा हात फोनवर पडायचा आणि तिथेच राहायचा. हजेरी घसरली, पत्रं आली. विभागप्रमुखांनी एक शेवटची संधी दिली. राहिलेली परीक्षा एका मंगळवारी, बारा वाजता.

त्या सकाळी ती कामावरून आली. फक्त अर्धा तास पाठ टेकते, असं स्वतःशीच पुटपुटली आणि पडली.

माणसाला झोप देणं एवढंच मला येतं. पण त्या दिवशी माझी एखादी स्प्रिंग मोडून तिच्या बरगडीत घुसली असती, तर बरं झालं असतं. ती उठली तेव्हा पावणेतीन वाजले होते. रडली नाही. पांघरुणाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

महिन्याभरात तिचं नाव पटावरून कमी झालं. नाव गेलं, तशी या देशात राहायची परवानगीही गेली.

ताईला कळलं तेव्हा ती येऊन तिच्याशेजारी बसली. दोघी एकाच वेळी माझ्यावर, असं पहिल्यांदाच घडलं. ताई म्हणाली, "घरी जा गं."

"काय तोंड घेऊन जाऊ? बाबा येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगतात, मुलगी प्रयोगशाळेत असते म्हणून."

रविवारी घरून फोन आला. झोप नीट होते ना, आईनं विचारलं. "होते की. मोठी गादी आहे, एकटीच झोपते," घाई लगेच म्हणाली.

ती गेली नाही. आता कागदाशिवाय राबते. धुलाईघराच्या मुकादमालाही ते माहीत आहे, म्हणून तो निम्माच पगार देतो. माझं म्हणाल, तर खिडकीकडची माझी बाजू पार खचली आहे. परवा तिनं अभ्यासाची जाड पुस्तकं काढली, नीट रचून त्या खळग्याखाली सरकवली आणि वर झोपून पाहिलं. बरोबर बसली. आता ती त्यांच्यावरच झोपते.

तुमचं कुणी असं दूर शिकायला गेलं असेल, तर मार्क मागाहून विचारा. झोपतेस कधी, ते आधी विचारा. आणि उत्तर फार पटकन आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.