तिरपा दोर

काल्हेरचा केसरीनाथ गावदेवीला जो नवस बोलला, तसा नवस कुठला बाप बोलल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. माझा मितेश परीक्षेत नापास होऊ दे, पाच नारळ फोडीन! बोलण्याआधी देवळात कोणी नाही ना, हे त्याने डावीउजवीकडे दोनदा पाहून घेतलं होतं.

बरं, त्याचं अगदीच चुकलं असंही नाही. एकुलता एक पोरगा सहा वर्षं समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी, आणि सण आला की नेमका तिकडे. आता त्याला वरच्या जागेवर चढायचं होतं, त्यासाठी तेलाच्या विहिरीतल्या दाबाची परीक्षा द्यावी लागते. एकदा देऊन तो आपटला होता. दुसरी खेप उद्या होती, आणि यातही आपटला तर कंपनी पुन्हा रिगवर घेणार नव्हती. मग घरच्या गोडाउनच्या गेटवर खुर्ची टाकून ट्रक आत-बाहेर सोडत बसायचं. केसरीनाथला तेच हवं होतं. मितेशला मात्र त्या खुर्चीची आठवण झाली तरी घास उतरत नव्हता.

दुपारी मितेश ओटीवर वह्या पसरून बसला. त्याची बायको निशा पुस्तकातून गणितं वाचून दाखवत होती आणि केसरीनाथ झोपाळ्यावर झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत होता. एकाच जातीच्या गणितावर मितेशचं घोडं अडत होतं. त्याचं उत्तर येई चौदाशे चार, पुस्तकातलं अकराशे सत्तर. चार वेळा केलं, चारही वेळा चौदाशे चार. शेवटी पुस्तकच चुकीचं छापलंय, असं त्याने जाहीर केलं. गावदेवी कामाला लागली बरं का, असं म्हणून केसरीनाथ मनात खूश झाला.

निशा मात्र पक्की. पहिल्यापासून समजावून सांगा म्हणाली, म्हणजे चूक कुठे ते कळेल. मितेशने सांगितलं. विहिरीत उतरवलेला लोखंडी पाइप जिथे संपतो, तिथला खडक सगळ्यात कच्चा. खालून वायू घुसला की विहिरीचं तोंड बंद करायचं. मग वर दाब चढायला लागतो. तो किती चढू द्यायचा याला हद्द आहे. हद्द ओलांडली की तो कच्चा खडक फुटतो, आणि मग वायू कुठून वर येईल याचा नेम नाही. वर माणसं उभी असतात. ती हद्द काढायची रीत सोपी होती: वायूला दाबून ठेवायला विहिरीत चिखल भरतात; खडक किती जड चिखल सोसतो, त्यातून आत्ता भरलेल्या चिखलाचा जडपणा वजा करायचा, त्याला खडकाच्या खोलीने गुणायचं, आणि वर एका ठरलेल्या आकड्याने पुन्हा गुणायचं.

खोली किती धरली, असं निशाने विचारलं. मितेश म्हणाला, नऊ हजार फूट, पाइप मोजले की झालं. रिगवर सहा वर्षं तो पाइपच मोजत आला होता. त्याच्या लेखी जेवढे पाइप तेवढी खोली. निशाने पुस्तकात बोट ठेवलं. इथे साडेसात हजार असाही एक आकडा होता. तो गोंधळात टाकायला दिलाय, मितेश म्हणाला, ही विहीर तिरपी आहे ना, म्हणून.

तिरपी म्हटल्यावर केसरीनाथचा एक डोळा उघडला.

या माणसाने जवानीची वीस वर्षं खाडीत रेतीच्या होडीवर काढली होती. दोराला शिशाचा गोळा बांधून पाणी मोजायचं, हे त्याचं काम. पाण्याला ओढ असली की गोळा वाहत जातो आणि दोर तिरपा होतो. दोर सांगतो पाणी भरपूर आहे, आणि भरलेली होडी गाळात जाऊन बसते. आता गप्प बसायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. ओठ आवळले. कूस बदलली. पण जित्याची खोड! समोर कोणी खोली चुकीची मोजतंय आणि केसरीनाथने ऐकून घ्यायचं, हे होणारच नव्हतं.

"दोर तिरपा गेला तर दोर मोजायचा न्हाय रं," तो उठून बसला. "पानी मोजायचं. सरल खाली. भार सरल खालीच पडतो."

आतून त्याची बायको जानकीबाई हसली. हे शहाणपण साखरपुड्याच्या दिवशी आलं, असं तिने सुनेला सांगितलं. तिरपा दोर मोजून नवरदेव होडीसकट गाळात रुतून बसले होते, आणि सगळे पाहुणे भरतीची वाट बघत ताटकळले होते. केसरीनाथ तीस वर्षांनीसुद्धा लाजला.

मितेशने साडेसात हजार धरून पुन्हा गुणलं. अकराशे सत्तर.  चौदाशे धरून आपण उभे राहिलो असतो तर खडक केव्हाच फुटला असता, असं तो हळूच म्हणाला, आणि वडिलांच्या पाया पडला. आपण आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे केसरीनाथला तेव्हा कुठे उमगलं. आशीर्वाद द्यायला गेलेला त्याचा हात जरा अडखळलाच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मुंबईहून फोन आला. मितेश पास! निशाने अख्ख्या आळीत पेढे वाटले. केसरीनाथने एक पेढा खाल्ला, तो त्याला गोड लागला, आणि गोड लागला म्हणून स्वतःचाच राग आला. मग उठून त्याने पाच नारळ पिशवीत भरले.

"अवो, पोर पास झालं," जानकीबाई दारातून म्हणाली. "नवस तर नापासाचा व्हता ना?"

केसरीनाथ जागच्या जागी थिजला. हे हिला कसं कळलं?

"डावीकडं बघितलंत, उजवीकडं बघितलंत. मागं कवा बघितलंत?"

 केसरीनाथ पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "हे नवसाचं न्हाय. त्या खालच्या खडकाचं हाय. तो सोसल तवर माझा पोर घरी येल."

जानकीबाई आत गेली आणि आणखी एक नारळ आणून तिने पिशवीत टाकला.