रातची माय

मले दोन माया होत्या असं सांगतलं का लोक आधी हेच इचारतात, का तुह्या बापानं दुसरी केल्ती काय. माह्या बापानं एक धड सांभाळली नाही, तो दुसरी काय करते! माह्या दोन्ही माया जिनाच्या भोंग्यानं देल्ल्या. एक दिवसाची अन् एक रातची.

मंगरूळपीरले आमची वस्ती होती, जिनाची लाईन म्हणत तिले. कापसाच्या जिनिंगच्या मांगं टिनाच्या खोल्या, एकीले एक चिकटलेल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसातून सरकी वेगळी कराच्या मशिनी चालत अन् त्यायचा आवाज भितीतून आमच्या अंथरुणात येये. रुई उडे नुसती. केसात रुई, भुवईत रुई, वरणात रुई. पाहुणे आले का नाक मुरडत, कसे राहता बाप्पा तुमी लोकं इथी. आमाले तर तसं काही वाटेच नाही. थंडीत आमी पोट्टे कापसाच्या गंजीत घुसू, तं मुकादम शिव्या देत मांगं लागे. तसली ऊब मले पुन्हा कोणत्या रजईत भेटली नाही, खरं सांगते.

लाईनीतल्या बाया कापूस निवडाले जात. पिवळा पडलेला, किडका कापूस हातानं वेगळा काढाचा. आत लेकरू न्याले बंदी होती, कारण रुईनं लेकराचा श्वास कोंडे. आता अंगावर पिणारं लेकरू घरी टाकून कोणती माय जाईन? म्हणून बायायनंच जोड्या लावल्या होत्या. जिच्या अंगावर लेकरू, तिची जोडी तशाच दुसरीसंगं. एकीनं दिवसपाळी कराची, एकीनं रातपाळी. जी घरी असे ती दोन्ही लेकरायले पाजे. जोडी लावताना कोणी जात इचारली नाही. बाई, तुले दूध हाय का, एवढंच इचारत.

माही माय रुखमाबाई रातपाळीले जाय. तिची जोडी शेजारच्या खोलीतल्या वच्छलासंगं. आमी बौद्ध, त्यायच्या घरी देव्हारा अन् उपासतापास. वच्छलाचा रवी अन् मी एकाच हिवाळ्यातले. दिवसा आमी दोघं माह्या मायच्या अंगावर, रात्री दोघं वच्छलाच्या. बोलाले लागलो तवा एकीले दिवसाची माय म्हणू अन् एकीले रातची माय. कोण कोणाच्या पोटचं, हे आमाले शाळेत नाव टाकताना समजलं. मास्तरनं रवीले मायचं नाव इचारलं, तं हे येडं म्हणते, दिवसाची सांगू का रातची? सारा वर्ग हासला. मी हासणाऱ्या एका पोट्ट्याचा हात चावला.

माही माय रातभर उभी राहून येये अन् दिवसा झोपाले पाहे. आमी तिच्या अंगावर धिंगाणा घालू. ती झोपेतच धपाटा हाणे, ज्याले लागला त्याले लागला, जास्तीचा रवीलेच लागे. संध्याकाळी भोंगा झाला का ती पदर खोचून निंगे अन् मी भोकाड पसरे. तवा वच्छला हातपाय धून दारात उभी राहे. म्हणे, रडू नको पोट्टे, तुही माय पाळीवर गेली अन् मी पाळीवर आली. मंग मधात ती, एका अंगाले रवी, एका अंगाले मी. गोष्टी-बिष्टी तिले काही येत नव्हत्या. नळावर कोण कोणासंगं भांडलं, ते ती आमाले नकला करून सांगे. दूध सुटलं तरी आमची सवय काही सुटली नाही. चांगली मोठी झाली तरी मी तिच्यापाशीच झोपत जाये.

नववीत होती मी, माय गेली. रुईचा खोकला होता, दुसरं काही नाही. रवी जमिनीवर पडून ओरडत होता, माही माय गेली, माही माय गेली. वाशीमचे आमचे सोयरे एकमेकायले इचारत होते, हा पोट्टा कोणाचा व्हय. लाईनीतल्या लोकायले तो सवालच बावळट वाटला. पुढं माह्या लग्नात मायच्या जागी वच्छलाच बसली. माह्या नवऱ्याच्या, फुलचंदच्या घरच्यायनं चहावरून तोंड वाकडं केलं, तं तिनं त्यायची अशी काही काढली, का आजही माहे सासरचे तिचं नाव निंगालं का गप बसतात.

मंग जिन बंद पडलं. लोकं पांगले, खोल्या पडल्या, आता तिथी मंगल कार्यालय हाय. रवीनं अनसिंगले बी-बियाण्याचं दुकान टाकलं. चाललं त्याचं, घर बांधलं, मले लय आनंद झाला. पयले तो दर भीमजयंतीले माह्याकडं जेवाले येये. मंग दुकानाचं निमित्त झालं. मंग फोनवर त्याची बायको पौर्णिमाच बोले, का ते बाहेर गेले. मी काय समजत नाही का? मी शाळेत खिचडी शिजवते, बह्याड नाही. पण राग आला तरी कोणावर काढाचा, मनातच ठेवला.

मागच्या महिन्यात निताचा फोन आला. निता रवीची लहान बहीण, आसेगावले देल्ली. म्हणे, आईनं अंथरूण धरलं, भान नाही, कोणाच्या हातचं खात नाही, सारखी इचारते का सुकी आली का. सुकी म्हणजे मी, सुकेशनी. मी हातातला झारा तिथीच ठेवला. बसमधी साऱ्या रस्त्यानं एकच गोष्ट मनात होती. रातच्या मायनं एकदा मले पोरगी म्हणून जवळ घ्यावं, अन् माह्या हातचे दोन घास खावे. दुसरं मले काही नको होतं.

रवीच्या दारात चपलायचा ढीग. आत पाहुणे. त्याच्या पोराची, बादलची, सोयरीक जमून राह्यली होती अन् पोरीकडचे घर पाहाले आल्ते. रवी मले पाहून आधी हासला. खरं हासला, लहानपणी हासे तसा. मंग त्याचं त्यालेच ध्यानात आलं अन् तो मले हाताले धरून घराच्या बाजूले घेऊन गेला.

म्हणे, लोकं चांगले हाय पण जुन्या वळणाचे हाय. इचारतीन तू कोण, मंग जोडी सांगा लागते, दूध सांगा लागते. मी कोणाचं पेलो तेही निंगते. पोराचं जमत आलेलं मोडीन. बोलता बोलता तो घामानं भिजला. मले वाटलं होतं का मी त्याच्या थोबाडात हाणीन. हात उचललाच गेला नाही.

"सुके, आजच्या दिवस समजून घे," तो म्हणला. "मी त्यायले सांगतो, तू आईच्या मालिशले येतेस."

आतून मायचा आवाज आला. सुकी आली का रे? पातळ आवाज, पण तोच. मी म्हणलं, काय सांगाचं ते सांग, मले आत जाऊ दे.

पौर्णिमानं माह्या हातात तेलाची बाटली देल्ली अन् खाली पाहत निंगून गेली. मागच्या खोलीत माय पडली होती. एवढी धिप्पाड बाई, नळावर साऱ्यायले पुरून उरणारी, चादरीखाली कुठी हाय ते शोधा लागे. मी पायाशी बसली अन् तिच्या पोटऱ्यायले तेल लावाले लागली. हात लागला तशी तिनं डोळे उघडले.

"आली का पोट्टे," ती म्हणली. "सरक इकडं. थंडी हाय."

अव माय माही! साऱ्या घरात तिचं भान हरवलं होतं, पण मले तिनं वळखलं. मी तिच्या उशाशी गेली. वाटीत भात कालवलेला तसाच पडला होता. मी एक घास तिच्या तोंडात देल्ला. तिनं खाल्ला. दुसरा देल्ला, तोही खाल्ला. मी रडत होती अन् नाक पुसाले हात रिकामा नव्हता. मंग ती कशीबशी कुशीवर झाली, माह्यासाठी जागा केली अन् आपला पदर बाजूले साराले लागली. तिच्या हिशेबानं रात झाली होती. माय पाळीवर गेली होती अन् मी भुकेली होती.

तेवढ्यात पोरीची आत्या दारात आली, आजीच्या पाया पडते म्हणून. तिच्यामांगं रवी. आत्यानं ते उघडं आंग पाह्यलं, त्याच्यापाशी वाकलेली मी पाह्यली, अन् जागीच थांबली. मंग तिनं इचारलं, ह्या कोण?

मायनंच उत्तर देलं. "माही लेक. माह्याच दुधावर वाढली."

आत्यानं रवीकडं पाह्यलं. मीही पाह्यलं. मले वाटलं, आता बोलीन. जमिनीवर पडून माह्या मायसाठी ओरडलेला माणूस हाय तो, एवढं तं बोलीन. ही माही बहीण, एवढे तीनच शब्द. रवीनं दाराची चौकट धरली अन् माह्याकडं पाह्यलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं अन् ते डोळे मले हात जोडत होते. पोट्टं मार खाताना माह्याकडं असंच पाहे. मायच्या हातून मीच त्याले सोडवे.

"मालिशवाली हाय जी मी," मी म्हणलं. "म्हाताऱ्या माणसाले साऱ्या पोरी आपल्याच वाटतात."

आत्या हासली, हो बाप्पा, आमची सासूही अशीच करे म्हणली. रवीनं श्वास सोडला. मी मायचा पदर नीट कराले गेली, तं तिनं माहा हात धरला अन् माह्या तोंडाकडं पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. भान नव्हतं म्हणतात, पण माह्या तोंडातून निंगालेलं तिनं ऐकलं होतं, अन् माह्यावर तिचा पयल्यापासून भरोसा होता. मी सांगतलं ते तिनं खरं मानलं. तिनं माहा हात सोडला अन् परक्या बाईपुढं झाकतात तसा पदर गच्च ओढून घेतला.

मी तिसरा घास पुढं केला. तिनं तोंड मिटलं.

मंग ती मले म्हणली, अगदी आदरानं, जनमात पयल्यांदा मले तुमी म्हणून, "ओ बाई, तुमी लाईनीकडं जासान तं पाहाजा. माही सुकी अजून आली नाही. दिसली तं घरी पाठवून देजा."

मी म्हणलं, हो.