सुमेळ भाषेची सर्वसाधारण सभा

लोक निवृत्त झाले की परसात भाजी लावतात, नाही तर सुनेच्या फोडणीत नाक खुपसतात. तोतारामनानांनी त्याआधीच, जळगावच्या पाटबंधारे कचेरीत साहेब फिरतीवर गेला की गुपचूप वही काढून, एक आख्खी भाषा केली होती. नाव सुमेळ. जग जोडायला केलेली. एकोणीस वर्षांत तिचे शब्द झाले एक हजार चारशे बारा आणि बोलणारे दोन : एक नाना, दुसरा त्यांचा शिष्य, धुळ्याचा अभिमन मास्तर. घरची अहिराणी नानांना चारचौघांत लाज आणी. आईशी बोलतानासुद्धा ते आधी खिडकी लावून घेत.

आपल्याकडे दोन माणसं जमली की संस्था निघते आणि तिसरा आला की फुटते. सुमेळ मंडळाने तिसऱ्याचीही वाट पाहिली नाही. अभिमनला मुख्यालय धुळ्याला हवं होतं आणि क्रियापदाच्या नऊ काळांतले सहा काढून टाकायचे होते.

"नाना, नऊ काळ तुमच्याशिवाय कोणाला येतात?"

"भाषा आहे ती, मक्याचं कणीस नाही सोलायला!"

शब्द घालायचा, काढायचा हक्क अध्यक्षाचा, असं घटनेत नानांनीच लिहिलेलं. अध्यक्ष अर्थात नानाच. म्हणजे मंडळाच्या १९९१ च्या निवडणुकीत खुर्ची अभिमनकडे गेली की भाषाही गेली.

रविवारी शाळेच्या वर्गात सभा भरली. नानांनी सभासद केलेले बावीस जण आले : भाऊबंद, व्याही, शेजारी आणि पत्नी लताबाई. तेवढ्यात अंगणात ट्रक थांबला. अभिमनने सोनगीरहून चौतीस सभासद आणले होते. त्याचे सगळे सासरकडचे.

नानांनी मुंड्या मोजल्या आणि घाम पुसून घटनेचं सातवं कलम काढलं. सुमेळमधल्या एका प्रश्नाला उत्तर देईल तोच मतदार. पहिल्या बाकावर भिकुबाई होत्या, अभिमनच्या चुलतसासू. नानांनी त्यांना सुमेळमध्ये नाव विचारलं.

भिकुबाईंनी जावयाकडे पाहिलं. "मास्तर, हाऊ काय म्हणस? तुम्ही ते सांगं व्हतं, हात वर कराना, मंग वरण-बट्टी शे."

"बाद!" नाना आनंदाने ओरडले. चौतीसही बाद झाले.

"आता तुमची माणसं, नाना," अभिमन शांतपणे म्हणाला आणि त्याने तोच प्रश्न लताबाईंना केला.

"मला विचारता का मास्तर? आमच्या घरात हे एकटेच बोलतात. मी आपली हं हं करते."

बावीसही बाद.

उरले दोघं. मतं पडली एकास एक. समान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक, हेही घटनेत होतंच. नानांनी स्वतःला दुसरं मत दिलं आणि आणलेला हार स्वतःच गळ्यात घातला. जिंकल्यावर माणूस किती बावळट दिसतो ते छप्पन्न जणांनी फुकटात पाहिलं.

मग अभिमन उभा राहिला आणि त्याने सुमेळमध्ये राजीनामा दिला. कागद नाही, वही नाही. बाकीच्यांना ते गिरणीत डाळ भरडल्यासारखं ऐकू आलं. नानांच्या मात्र अंगावर काटा आला. त्यांच्या भाषेत आजवर कुणी रागावलं नव्हतं. हा रागावला, तरी एकही वाक्य मोडलं नाही. नऊही काळ आले, जे त्याला काढून टाकायचे होते तेसुद्धा. भाषा चालत होती! हा पायऱ्या उतरला की नानांना पूर्वीसारखं घरच्या कपाटाशी सुमेळ बोलावं लागणार होतं. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. त्याला शब्दही होता, नानांनीच केलेला.

नाना खाकरले आणि सुमेळमध्ये म्हणाले, "चौथ्या वाक्यात क्रियापद चुकलं."

अभिमनने चपला घातल्या. उत्तर मात्र अहिराणीत दिलं.

"चुकनं ते समदंच चुकनं, नाना."

त्याच्यामागे सोनगीरकर बट्टीची चौकशी करत उठले. नानांनी हार सारखा केला आणि राजीनामा मंजूर झाल्याचं इतिवृत्त सुमेळमध्ये, एकही चूक न करता, लिहून काढलं. ते वाचू शकणारा माणूस तेव्हा खाली ट्रकमध्ये चढत होता.