हलायचं नाही

"दिपाली कुठंय?" हजेरी घेता घेता सुलक्षणाबाईंनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी धनगरवाड्याजवळ राहणारा सार्थक उभा राहिला. "बाई, तिच्यापाशी सकाळी वाघ आला हुता. ती हललीच न्हाई."

बाईंनी हजेरीपट मिटला. राजगडाच्या या अंगाला बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि तो येतो हे काही नवं नाही. नवं होतं ते 'हललीच न्हाई' हे.

"लागलंय का तिला?"

"ठावं न्हाई, बाई."

शनिवारी बाईंनी वर्गात डायनासोरच्या मालिकेचे दोन भाग दाखवले होते. तालुक्याहून पेनड्राइव्ह आला होता. विज्ञान शिकवायला मालिका कितपत उपयोगी, याचा अभिप्राय लगेच हवा होता. दुसऱ्या भागात एक पिल्लू भल्यामोठ्या शिकारी डायनासोरच्या नाकासमोर निश्चल उभं राहतं आणि वाचतं. या शिकाऱ्याला फक्त हलणारं दिसायचं, असं निवेदक भारदस्त आवाजात सांगतो. तेव्हा दिपालीनं विचारलं होतं, "बाई, त्याला काय दिसायचं ते कुणाला कसं कळलं?"

पोरं खिदळली. बाईंनाही ते माहीत नव्हतं. पण अर्धा भाग बघायचा राहिला होता आणि अभिप्राय पाठवायचा होता. "शास्त्रज्ञांना सगळं कळतं. गप बघ," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मोबाईलवर त्यांनी 'मालिका अत्यंत उपयुक्त' असं लिहून पाठवूनही दिलं.

वर्ग गोरख गुरुजींवर सोपवून त्या एकट्याच धनगरवाड्याची वाट चढू लागल्या. पोरगी जिवंत आहे ना, हे विचारायचंच राहिलं, असं अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि त्या झपाझप चालू लागल्या. पुढे कारवीत काहीतरी खसखसलं. बाई जागच्या जागी थिजल्या. झुडपातून एक लाव्हरी भुर्रकन उडाली, तरी बराच वेळ पाऊल उचलेना.

घरासमोर दिपालीचे आजोबा रायबा बसले होते. शेळ्या कुडाआड कोंडलेल्या. भिंतीला टेकून दिपाली बसली होती आणि तिच्या फ्रॉकवर रक्त होतं.

"करडाचं हाय ते," तिची आजी भागूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोरीला वरखडा बी न्हाई. पर सकाळधरनं बोलत न्हाई."

बाई तिथंच अंगणात बसल्या.

"वाघ दिसला की वरडायचं, डबा बडवायचा," रायबा सांगू लागले. "चालाया लागलं की आमी पोरास्नी हेच शिकिवतो. हिच्या हातात डबा हुता, बाई. म्या वरच्या अंगाला. म्या वरडतोय, वाजीव पोरी, डबा वाजीव! आन ही नुसती हुबी. त्यानं हिच्या पायातलं करडू उचाललं. हिलाच धरलं आसतं तर?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"का न्हाई वाजीवलास म्हनून इचारलं, तर म्हनली, बाईंनी दाखिवलंय. तवापास्नं गप हाय. तुमी शिकल्याल्या. आमी काय म्हनावं?"

बाई सरकत दिपालीजवळ गेल्या. "दिपाली, ते खरं की खोटं, मला माहीत नाही. तू विचारलंस तेव्हाही माहीत नव्हतं. तरी मी तुला गप्प बसवलं. माझं चुकलं. वाघ आला की डबा वाजवायचा. आजोबा सांगतात तेच."

दिपालीनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मग बाकीचं, बाई? पृथ्वी फिरती ते? रगतात लोखंड आसतं ते? ते कुणाला कसं कळलं?"

अठरा वर्षं बाई हे शिकवत होत्या. कसं कळलं, हे त्यांनी स्वतः कधी कुणाला विचारलं नव्हतं. कारवीच्या वाटेवर वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आता त्या नऊ वर्षांच्या पोरीसमोर वाटली. शास्त्रज्ञ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"मला आधी बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

भागूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी तो घाईनं तोंडाला लावला आणि पाणी पदरावर सांडू लागलं. दिपालीनं खालून तांब्याला हात लावला.