नटवलेला बंधारा

आमच्या चाळीतल्या मंडळाला एकच अक्कल. कोणी मोठं माणूस येणार म्हटलं की चुना मारायचा. मेल्यांनी बंधाऱ्यालाही सोडलं नाही!

बोरिवलीत आमच्या चाळीमागून नदी जाते. लोक नाला म्हणतात, म्हणोत. तिच्यावर जुना दगडी बंधारा आहे, बुडाशी फुटलेला. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खाली लगेच आमची खोली. मागच्या पावसात त्याचे दगड निसटले आणि पाणी थेट सासूबाईंच्या खाटेला लागलं. त्यांचं अर्धं अंग गेलंय, उठता येत नाही. शेवटी उचलून टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मला विचारतात, "गो, यंदा माका खंय ठेवतलंस?" काय सांगू त्यांना, कपाळ?

म्हणून जुना पाडून नवा बंधारा बांधा, यासाठी सरकारी ऑफिसात खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. अखेर ठरलं, इंजिनीयर येऊन बघणार आणि यंदाच्या कामांत घ्यायचा की नाही ते तिथेच सांगणार.

नेमकी मी भाचीच्या हळदीला चेंबूरला गेले. साहेब यायच्या सकाळी परत येऊन बघते तर काय! मंडळाचा अध्यक्ष सिद्धेश, म्हणजे माझा सख्खा दीर, त्याने पोरं लावून भगदाडात रेतीच्या गोण्या कोंबलेल्या, वरून सिमेंट फासलेलं, त्यावर चुना आणि झेंडूचं तोरण.

"वहिनी, झकास ना?"

"अरे गाढवा, डॉक्टर तपासायला येतोय आणि तू पेशंटला पावडर लावलीस?"

"मग काय ते घाणेरडं भोक दाखवायचं साहेबांना? चाळीची काही इज्जत आहे की नाही?"

तेवढ्यात इंजिनीयर देवदत्त साहेब आलेच. शाल झाली, नारळ झाला. साहेबांनी काठावरून बघितलं आणि म्हणाले, "छान राखलाय तुम्ही. दुसरीकडे याहून वाईट हाल आहेत. यंदा राहू दे, पुढं बघू."

यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! वाटलं, एकेकाच्या थोबाडीत द्यावी.

"साहेब, आत गोण्या आहेत. फुटलाय तो," मी म्हटलं.

"ताई, मला जे दिसतं तेच मी लिहिणार."

माझं डोकंच सटकलं. पोरांची पहार तिथेच पडली होती. पदर खोचला आणि उतरले खाली. उन्हाळ्याचं पाणी, जेमतेम गुडघाभर. माझा नवरा चंद्रप्रकाश वरून ओरडला, "अगं ए, साहेबांसमोर काय हे!" मी ऐकते काय! सिमेंटचा पोपडा पाडला, आतली गोणी धरून ओढली. पाणी भसकन बाहेर आलं, मागोमाग एक दगडही सुटला. मी नखशिखांत भिजले.

साहेबांचा चेहरा उतरला. "बाई, हा सरकारी बंधारा आहे. तुम्ही फोडलात असं लिहावं लागेल मला."

"आम्ही नाय हां साहेब, हिनेच!" सिद्धेश घाईघाईने म्हणाला. नवऱ्याने मान खाली घातली. मघाशी टाळ्या वाजवणारे मागे सरकले.

रडू येत होतं, पण रागाने ते बाहेरच पडेना.

"लिहा साहेब," मी म्हटलं, "रत्नप्रभा चंद्रप्रकाश परब हिने फोडला म्हणून लिहा. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. पण बंधारा फुटलाय, एवढं लिहा."