तिरक्या उजेडात

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. त्वचारोगाच्या दवाखान्यात, तपासणीच्या खाटेशेजारी माझी जागा. कारखान्यात मला लवचिक मान मिळाली, म्हणाल तिकडे वळणारी. डॉक्टरीणबाई पूर्वी माझं फार कौतुक करायच्या. मग छताला नवे पांढरेशुभ्र दिवे लागले आणि माझी रवानगी पडद्यामागे झाली. तिथे माझा जीव रमेना. कोणाची चाहूल लागली की वाटे, आता बोलावतील.

एके सकाळी पाव भाजणारा एक माणूस बायकोबरोबर आला. डोक्यापासून पायापर्यंत लालबुंद. अंगावरून पापुद्रे गळत होते. त्याला धड बसवेना, धड उभं राहवेना.

"भट्टीसमोर असतो, तरी हुडहुडी भरते," तो म्हणाला.

बायको दाराशीच थांबली होती.

"वरच्या उजेडात सगळं सपाट दिसतं," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी मला पुढे ओढलं. मी तिरका उजेड टाकला. त्याच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते.

"आधी कुठे चट्टे होते का?"

"कोपरांवर, बरीच वर्षं. मित्राने त्याच्या गोळ्या दिल्या, झटक्यात गेले. गोळ्या संपल्या आणि हे असं झालं."

"सोरायसिस आहे. त्या गोळ्या बहुतेक स्टिरॉइडच्या. एकदम थांबवल्या की तो असा उसळतो. अंगभर कातडी सुजली की अंगातली ऊब आणि पाणी निघून जातं, म्हणून थंडी वाजते. आजच दाखल व्हा. रक्त तपासू, उबेत ठेवू, मलम लावू, मग पुढचं औषध ठरवू."

बायकोने चाचरत विचारलं, "मुलीला होईल का? यांचं अंथरूण वेगळं केलंय मी."

"हात लावल्याने कोणालाही होत नाही," म्हणत बाईंनी त्याच्या पाठीवर उघडा हात ठेवला. बायको बघत राहिली, पण दारातून हलली नाही.

काही आठवड्यांनी दोघं पुन्हा आली. लाली ओसरली होती, कोपरांवर आणि पाठीवर चट्टे मात्र होतेच.

"पूर्ण जाईल ना?" त्याचा पाय सारखा हलत होता.

"आटोक्यात राहील. औषध मनाने बंद करायचं नाही."

तेवढ्यात बायको खाटेवर त्याला खेटून बसली. मलमाची डबी उघडून त्याच्या पाठीला लावू लागली. हळूहळू त्याचा पाय थांबला.

मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण कोणाचं अंग असं सोललेलं दिसलं, तर उठून दुसरीकडे बसू नका.