तिजानीच्या चिकट खुर्च्या

गुरुवारच्या फवारणीतून कॅफेवाल्या तिजानीला काय मिळणार, याचा हिशेब मोंजियाने गच्चीवरून बघता बघताच मांडला. गल्लीतली कडू संत्र्याची झाडं फुलली होती आणि पानोपानी मावा बसला होता. त्या किडीचा चिकटा तिजानीच्या कॅफेच्या खुर्च्यांवर गळायचा. गिऱ्हाईक उठलं की खुर्चीही सोबत उठायची. झाडं फवारली की खुर्च्या स्वच्छ, चौकातल्या कॅफेत पळालेली माणसं परत आणि काम जावई बशीरकडे, म्हणजे लेकही खूश. मोंजियाच्या गच्चीवरच्या पाच मधपेट्या मात्र त्याच्या हिशेबात कुठेच नव्हत्या.

ती खाली उतरली.

"फुलं झडेपर्यंत थांब, तिजानी. फुलांवर विष पडलं तर माझ्या माश्या घरी परतायच्या नाहीत."

"आणि तोवर माझी गिऱ्हाइकं परतायची नाहीत. गुरुवारी पेट्या झाकून ठेव की!"

"गुरुवारी झाकीन रे. पण ते औषध पुढे कित्येक दिवस फुलात राहतं. तेवढे दिवस तुला कॉफीशिवाय कोंडलं तर?"

"झाडं पालिकेची, खुर्च्या माझ्या. तुझं काय आहे गं इथे?"

"फुलं," मोंजिया म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. नाबुल शहरात रस्त्यावरच्या झाडाचं फूल ज्याने खाली चादर अंथरली त्याचं. दर वसंतात बायका उमलेल तसं थोडं थोडं तोडत आणि घरी चुलीवर फुलांचं सुगंधी पाणी काढत. यंदा मोंजिया दारोदार फिरली. बुधवारी सगळं तोडायचं, कळीसुद्धा ठेवायची नाही, म्हणजे माश्या त्या झाडांकडे फिरकायच्याच नाहीत.

"अगं, मग तुझ्या माश्या खाणार काय?" शेजारच्या सलवाने विचारलं.

"जगल्या तर शोधतील. मेल्या तर फुलं काय चाटायचीत?"

बुधवारी संध्याकाळी झाडं नुसती हिरवी उरली होती आणि घरोघरी तांब्याची भांडी चुलीवर चढली होती.

गुरुवारी सकाळी बशीर पंपाची गाडी घेऊन आला. फुलंच नाहीत, म्हणून मोंजियाने पेट्या झाकल्याच नव्हत्या. तिजानीचं तोंड बघायला ती ऐटीत खाली आली आणि जागीच थबकली. झाडं गुणगुणत होती. तिच्याच माश्या पानांवरचा चिकटा चाटत होत्या! फुलांच्या नादात ती चिकट्याला विसरली होती, आणि आता बाहेर पडलेल्या माश्या कोंडणार कशा?

तिने एक खुर्ची ओढली आणि पहिल्या झाडाखाली ठाण मांडलं.

"हं बशीर, फवार."

"मावशी, उठा ना. खाली माणूस असताना कसं फवारू?"

"म्हणूनच बसलेय. सलवा! चुली राहू दे, सगळ्यांना घेऊन ये!"

बघता बघता झाडांखालची प्रत्येक खुर्ची भरली. बायकांनी तिघींत एक चहा मागवला.

तिजानी धावत आला. "हा काय धंदा?"

"तुझाच. कॅफे कसा भरलाय बघ."

"किती वेळ बसणार आहात?"

"मावा जाईपर्यंत. घाई असेल तर फरशी धुतोस तो पाइप दे. मावा पाण्यानेही पडतो. फक्त पानाच्या खालून धार मारायची."

"नाही पडला तर?"

"तर उद्याही तिघींत एक चहा."

तिजानीने पाइप आणला. सासऱ्याची नजर पडताच बशीर निमूट शिडीवर चढला. धार लागताच माश्या वैतागून उडाल्या, मावा धुऊन फरशीवर आला, बायका किंचाळत छपराखाली पळाल्या. दुपारी तिजानी एका खुर्चीवर बसला, उठला, मागे वळून पाहिलं. खुर्ची जागच्या जागी होती. पुढे दर आठवड्याला तो स्वतःच झाडं धुऊ लागला.

आता कोणी काय भरलं? तिजानीने पाण्याचं बिल भरलं, वर चहाच्या पैशाचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. बशीरचं काम बुडालं. बायकांच्या बाटल्या भरल्या. मोंजियाच्या पाचही पेट्या नांदत राहिल्या, पण त्या वसंतात एकीतही संत्र्याच्या फुलांचा मध नव्हता. टेकडीवरच्या रानझुडपांपर्यंत लांबच्या खेपा मारून माश्यांनी पोट भरलं. भांडण त्यांच्यासाठी झालं, आणि भुर्दंडाचा मोठा वाटाही त्यांनीच उचलला.